आधी पूर्ण बरा होऊ दे, मग नोकरी?

पत्र थोडक्यात: नाशिकच्या एका वाचक भगिनीचा धाकटा भाऊ ३१ वर्षांचा आहे. मेकॅनिकलचा डिप्लोमा झाल्यावर वर्षाच्या आतच त्याला स्किझोफ्रेनिया असल्याचं निदान झालं. दोनदा दाखल करावं लागलं. गेली दोन वर्षं गोळ्या नियमित आहेत, तब्येत स्थिर आहे. काही महिन्यांपासून तो एका संस्थेच्या कार्यशाळेत जातो. तिथे मेतकूट, भाजणी, उटणं तयार करून विकतात. काम करणारे बहुतेक जण मानसिक आजारातून सावरणारे. महिन्याला २,५०० रुपये मानधन आणि दुपारचं जेवण मिळतं. वडिलांना हे कमीपणाचं वाटतं. "डिप्लोमा झालेला मुलगा मेतकुटाची पाकिटं चिकटवतोय," असं ते येता-जाता म्हणतात. त्याने वर्षभर घरी राहून पूर्ण बरं व्हावं आणि मग नाशिकच्याच अंबड औद्योगिक वसाहतीत त्यांच्या मित्राच्या कारखान्यात लागावं, आजाराबद्दल तिथे अवाक्षर न काढता, असं त्यांनी ठरवून टाकलंय. आईला बाहेरच्या नोकरीची धास्ती आहे. तो कार्यशाळेतच कायम राहिला तर बरं, असं ती म्हणते. बहिणीला वेगळीच शंका आहे: संस्था या मुलांना स्वस्तात राबवून तर घेत नाही ना? "मी कोणाची बाजू घेऊ?" असं तिने विचारलंय.

ताई,

तुमच्या लांबलचक पत्रात भाऊ फक्त एकदा बोलतो. दिवाळीनंतर कार्यशाळेला सुट्टी होती, तेव्हा त्याने विचारलं, "सोमवारी उघडणार ना?" बाकीचं सगळं पत्र तुम्ही तिघं त्याच्याबद्दल काय म्हणता याचं आहे. आजार जोरात होता तेव्हा निर्णय घरच्यांनीच घ्यायचे होते, आणि ते तुम्ही घेतलेत. पण ती सवय नंतरही सुटत नाही, हे मी अनेक घरांत पाहते. त्यामुळे वडील, आई आणि तुम्ही यांच्यात बाजू निवडण्याआधी चौथ्या माणसाला विचारून घेऊ.

विचारायचं कसं, हेही सांगते, कारण "तुला पुढे काय करायचंय?" असं विचारलंत तर "काहीही चालेल" हे उत्तर ठरलेलं आहे. या आजारात भास आणि संशय औषधांनी आटोक्यात आले तरी पुढाकार घेणं, मनातलं चेहऱ्यावर दिसणं, स्वतःहून बोलणं हे बऱ्याचदा मंदावलेलंच राहतं. डॉक्टर त्याला नकारात्मक लक्षणं म्हणतात, घरात त्याला आळस म्हणतात. म्हणून छोटे प्रश्न विचारा. कार्यशाळेत वजन करायला आवडतं की पाकिटं सील करायला? कोणाशेजारी बसतोस? सकाळी किती वाजता डोकं नीट चालायला लागतं? मशीनची आठवण येते का? एका बैठकीत सगळे प्रश्न नकोत. भाजी निवडताना एक, गाडीवर मागे बसलेला असताना एक. पंधरा दिवसांत तुम्हाला बरंच कळेल.

आता वडिलांचा मुद्दा. "आधी पूर्ण बरा, मग काम" हे ऐकायला इतकं समंजस वाटतं की त्यावर कोणी प्रश्नच विचारत नाही. पूर्वी मनोविकारतज्ज्ञसुद्धा हेच सांगायचे: आधी उपचार, मग प्रशिक्षण, मग सराव, आणि सगळं जमलं तर शेवटी नोकरी. १९९०च्या दशकात अमेरिकेत रॉबर्ट ड्रेक आणि डेबोरा बेकर यांनी हा क्रम उलटा केला. ज्याला काम करायची इच्छा आहे त्याला थेट खुल्या बाजारातली, त्याच्या आवडीची, साधी का असेना पण पगाराची नोकरी शोधून द्यायची आणि ती टिकवायला मदत करणारा माणूस सतत पाठीशी ठेवायचा. हा माणूस उपचार करणाऱ्या चमूतलाच असतो. "तू अजून तयार नाहीस" असं म्हणून कोणाला परत पाठवायचं नाही, हा या पद्धतीचा नियमच आहे.

युरोपात सहा ठिकाणी ही पद्धत आणि जुनी पद्धत शेजारी शेजारी ठेवून तपासली गेली. गंभीर मानसिक आजार असलेली ३१२ माणसं त्यात होती, आणि निष्कर्ष २००७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. दीड वर्षात नव्या पद्धतीतल्या ५५ टक्के लोकांनी बाहेरच्या नोकरीत काही ना काही दिवस काम केलं. आधी प्रशिक्षण घेणाऱ्यांत हे प्रमाण २८ टक्के होतं. तुमच्या आईला मात्र पुढचा आकडा दाखवा. पुन्हा रुग्णालयात दाखल व्हावं लागलेले नव्या पद्धतीत २० टक्के होते, जुन्या पद्धतीत ३१ टक्के. कामाच्या ताणाने आजार उलटेल ही भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही, कारण एखाद्याच्या बाबतीत ती खरी ठरते. पण घरात बसवून ठेवण्यालाही धोका असतो, आणि तो मोजायचं कोणाच्या लक्षात येत नाही. दुपारी बारापर्यंत झोप, मग टीव्ही, मग वडिलांचा टोमणा, रात्री जागरण, आणि हळूहळू "मला कशाला हव्यात गोळ्या?" इथपर्यंतचा रस्ता तुम्ही दोनदा पाहिलेला आहे.

यावर तुम्ही म्हणाल, मग अंबडच्या कारखान्यातच घालू या ना सरळ! घालू या, पण त्या पद्धतीचा अर्धा भाग आपल्याकडे जवळजवळ कुठेच नाही. नोकरी देणारा मालक मिळेल. नोकरी लागल्यावर दर आठवड्याला भावाशी बोलणारा, सुपरवायझरशी बोलणारा, डॉक्टरांना कळवणारा माणूस कुठून आणायचा? तो नसेल तर "थेट नोकरी" म्हणजे नुसतं ढकलून देणं. आणि इथेच तुमच्या मेतकुटाच्या कार्यशाळेकडे नीट पाहावंसं वाटतं, कारण असा माणूस असला तर तिथेच असण्याची शक्यता सर्वांत जास्त.

वडिलांना कामाची लाज वाटते. त्यांच्याशी वाद घालू नका. फक्त एवढं आठवून द्या की महाराष्ट्राला हा प्रकार नवा नाही. बाबा आमट्यांनी १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि वरोऱ्याजवळच्या खडकाळ माळावर आनंदवन उभं केलं. बोटं झडलेल्या माणसांनी तिथे विहिरी खणल्या, शेती केली. त्यांची भाजी घ्यायला सुरुवातीला वरोऱ्याचे लोक कचरत होते. पिकवणं जमलं होतं, विकलं जाणं बाकी होतं. आज त्याच आनंदवनातल्या वस्तू लोक घरी आवर्जून नेतात. ज्याच्या हातच्या वस्तूसाठी अनोळखी माणूस खिशातून पैसे काढतो, त्याच्याकडे पाहण्याची घरच्यांची नजरसुद्धा बदलते. हे मी भाबडेपणाने म्हणत नाही. नाशिकच्या तुमच्या कार्यशाळेचं मेतकूट चांगलं असेल तरच हे लागू आहे! दिवाळीच्या प्रदर्शनात दया येऊन घेतलेल्या आणि टेबलावर डुगडुगणाऱ्या पणत्या मीही घेतल्या आहेत. त्याने कोणाचं पुनर्वसन होत नाही. गिऱ्हाईक दुसऱ्यांदा, कोणी आग्रह न करता मेतकूट न्यायला येतं का, ते बघा.

आता तुमची स्वतःची शंका. तिच्याकडे मला सर्वांत जास्त लक्ष द्यायचं आहे, कारण ती तुम्ही पत्राच्या शेवटी, जरा ओशाळून लिहिली आहे. ओशाळण्यासारखं त्यात काही नाही. इटलीत त्रिएस्ते नावाचं शहर आहे. तिथल्या मनोरुग्णालयात फ्रांको बासालिया हे डॉक्टर १९७१ साली संचालक म्हणून आले. रुग्ण तिथे वॉर्ड झाडत, स्वयंपाकघरात राबत, कपडे धूत. या कामाला उपचार म्हटलं जाई आणि उपचार असल्यामुळे मजुरीचा प्रश्नच येत नसे. बासालियांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विचारलं, की हेच काम बाहेरच्या माणसाने केलं तर त्याला पगार देता ना? मग रुग्णांचीच सहकारी संस्था काढली, सफाईचं रीतसर कंत्राट त्या संस्थेला मिळालं आणि त्याच कामाचे त्याच माणसांना पैसे मिळू लागले. प्रशासनाने आधी पुष्कळ आडकाठी केली. पुढे अशा संस्था इटलीभर झाल्या, आणि १९९१च्या कायद्याने त्यांना मान्यता दिली. त्यातल्या कामासाठी स्थापन झालेल्या संस्थांमध्ये किमान ३० टक्के कामगार आजार, अपंगत्व, व्यसन किंवा तुरुंगवास अशा अडचणींतून आलेले असावे लागतात. उरलेले इतर कामगार. सगळे एकाच ताटात! आपल्या बहुतेक कार्यशाळांत हीच गोष्ट नसते. तिथे एका बाजूला रुग्ण आणि दुसऱ्या बाजूला सर-मॅडम असतात.

म्हणजे तुम्ही विचारलेला प्रश्न त्रिएस्तेत पन्नास वर्षांपूर्वी विचारला गेला आणि त्यातून सगळं बदललं. फक्त उत्तर ठरवण्याआधी हिशेब बघा. २,५०० रुपये ही रक्कम एकटी काहीच सांगत नाही. तुमचा भाऊ दिवसाला तीन तास बसतो की आठ? शिकतो आहे की आता त्याच्या हातून पूर्ण माल निघतो? संस्था चालते कशावर? अशा कार्यशाळांचा धंदा बहुतांशी हंगामी असतो. सप्टेंबर ते दिवाळी उटणं आणि भेटवस्तूंच्या पेट्यांची धावपळ, आणि मग जानेवारीत हात रिकामे. अनेक ठिकाणी विक्रीतून कच्चा माल आणि भाडं कसंबसं निघतं. समुपदेशकाचा पगार देणगीतून किंवा कंपन्यांच्या सामाजिक निधीतून येतो. अशा संस्थेत मानधन कमी असेल तर तिला लबाड म्हणता येणार नाही. उलट विक्री भरपूर, ऑर्डरी वर्षभर, मुलं सात तास राबतात आणि तरीही वर्षानुवर्षं मानधन तेवढंच, वर "त्यांना काम मिळतंय हेच खूप" असं ऐकवलं जातं, तिथून बाहेर पडा. कामाला उपचार म्हटलं की मजुरी बुडवायची सोय होते, हे विसरू नका.

एकदा भावाला घेऊन, त्याच्यासमोर, संस्थेच्या प्रमुखांना भेटा. गेल्या दोन-तीन वर्षांत इथून किती जण बाहेरच्या नोकरीला लागले, हा पहिला प्रश्न. आकडा लहान असला तरी चालेल; "आम्ही असं मोजलं नाही" हे उत्तर मात्र चालणार नाही. बाहेरच्या मालकांशी बोलणारं कोणी आहे का? एखादा बाहेर गेला आणि जमलं नाही तर परत घेता का? मानधन कशावर ठरतं, वाढतं केव्हा, आणि ते कामगाराच्या खात्यावर जातं की पालकांच्या हातात? भाव ठरवताना, वेळा ठरवताना काम करणाऱ्यांना विचारलं जातं का? चांगली संस्था या प्रश्नांनी खूश होते. कपाळाला आठ्या पडल्या तर तेही एक उत्तरच. पैसे कोणाच्या हातात जातात हे तुमच्या घरीही तपासा, ताई. पत्रात "आई ते पैसे बाजूला ठेवते" असं लिहिलंय. प्रेमानेच ठेवत असेल. पण ३१ वर्षांच्या माणसाच्या कमाईतून त्याला स्वतःचं रिचार्ज करता येत नसेल तर तो कमावतो कशासाठी?

आईला कार्यशाळा कायमची हवी आहे, कारण तिथे कोणी हसत नाही, ओरडत नाही. ही गोष्ट लहान नाही. काहींच्या बाबतीत तीच जागा आयुष्यभराची ठरते आणि त्यात कमीपणा मुळीच नाही. पण तुमच्या भावाच्या हातात एक कौशल्य आहे, वय आहे, दोन वर्षांची स्थिरता आहे. ते न वापरता आताच कायमचं ठरवून टाकायची घाई का?

म्हणून मी असं सुचवेन. कार्यशाळा सोडायची नाही. अंबडचा दरवाजाही बंद करायचा नाही. मित्राच्या कारखान्यात आठवड्यातले दोन दिवस, जनरल शिफ्टला, चार तास असं सुरू करता येईल का, ते बघा. लहान कारखान्यात हे जमतं. मोठ्या कंपनीत हजेरीपत्रकच आडवं येतं. काम कोणतं, हे महत्त्वाचं. गोळ्यांमुळे सकाळी गुंगी राहत असेल तर पॉवर प्रेस आणि लेथ नको. स्टोअर, मालाची नोंद, व्हर्नियर आणि गेज ही मापाची साधनं घेऊन तपासणी, ड्रॉइंगप्रमाणे जॉब जुळवणं, यांत त्याचा डिप्लोमाही कामी येतो आणि बोटंही शाबूत राहतात. सुरू करण्याआधी त्याच्या डॉक्टरांना शिफ्टच्या वेळा सांगा. रात्रीच्या डोसची वेळ थोडी अलीकडे घेऊन किंवा औषध बदलून सकाळ मोकळी करता येते का, ते त्यांनाच ठरवू द्या. गोळी घरच्या घरी मागेपुढे करायची नाही. रात्रपाळीला मात्र आताच नाही म्हणा. या आजारात झोप बिघडणं ही बऱ्याचदा पहिली घंटा असते.

आणि आजाराबद्दल अवाक्षर काढायचं नाही, हे? इथे मी वडिलांच्या विरोधात आहे. साऱ्या कारखान्याला सांगायची गरज नाही, निदानाचं नाव सांगायचीही नाही. पण दर महिन्याला डॉक्टरकडे जायला अर्धा दिवस लागणार, जेवणानंतर गोळी घेणार, कधी हात थरथरणार. हे लपवायला रोज जी ताकद लागेल ती कामातून वजा होणार. मित्र वडिलांचा आहे. त्याला एकट्याला "त्याच्या डोक्याच्या आजारावर उपचार सुरू आहेत, आता स्थिर आहे, एवढी एवढी सवलत लागेल" इतकं सांगणं शक्य आहे. किती सांगायचं ते भाऊ ठरवेल. संस्थेतला समुपदेशक हे बोलणं करून देऊ शकतो, आणि पुढे महिन्यातून एकदा मालकाला फोनही करू शकतो. असं करायला ते तयार आहेत का, हे मघाच्या भेटीतच विचारा.

कायद्यातल्या दोन-तीन गोष्टी तुमच्यासारख्या इतर घरांनाही लागू आहेत. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने मान्य केलेल्या २१ प्रकारांत मानसिक आजार आहे. जिल्हा रुग्णालयात तपासणी होऊन प्रमाणपत्र मिळतं. स्वतःची काळजी, माणसांशी संबंध, संवाद आणि काम या चार बाबी आणि आजाराचा कालावधी पाहून टक्केवारी काढतात. ४० टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर सरकारी नोकरीतलं आरक्षण आणि इतर योजना खुल्या होतात. शिक्का बसेल म्हणून घरचे अर्ज करत नाहीत. ते प्रमाणपत्र कोणाला दाखवायचं हे मात्र ज्याचं त्याच्या हातात असतं. भाऊ बराच सावरलेला आहे, त्यामुळे टक्केवारी कमी भरू शकते, याची तयारी ठेवा. दुसरं, २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याप्रमाणे बरा असताना तो स्वतः लिहून ठेवू शकतो की पुन्हा आजार वाढला तर कोणते उपचार हवेत, कोणते नकोत, आणि त्याच्या वतीने कोणी बोलावं. मागच्या दोन्ही वेळी त्याला कसं दाखल केलं हे तुम्ही लिहिलं आहे. तो कागद झाला तर तिसऱ्यांदा तरी तसं होण्याची शक्यता कमी होईल.

त्याच्याबरोबर एक घरगुती कागदही करा. आजार उलटण्याआधी त्याच्यात काय काय दिसतं ते भावाने स्वतः सांगायचं, तुम्ही लिहायचं: झोप उडणं, अंघोळ टाळणं, तोच तो संशय, फोन बंद ठेवणं. त्यातल्या दोन गोष्टी चार दिवस दिसल्या तर डॉक्टरांना फोन आणि कारखान्यात सुट्टी. कोणी कोणावर ओरडायचं नाही. कार्यशाळेतली जागा तेवढ्या काळापुरती राखून ठेवतील का, हे आधीच ठरवून घ्या. परत यायला जागा आहे हे माहीत असलं की माणूस बाहेर जायला कमी घाबरतो, आणि आईसुद्धा. रात्री-अपरात्री काय करावं सुचेनासं झालं तर १४४१६ हा सरकारचा टेलिमानस क्रमांक मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

तुम्हालाही बोलायला माणसं हवीत. पुण्यात डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पुढाकाराने १९९७ साली सुरू झालेली स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन आहे, ठाण्यात १९९० पासून आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) ही मानसिक आरोग्यावर काम करणारी संस्था आहे. अशा ठिकाणी आजारी माणसाच्या घरच्यांना एकमेकांशी बोलता येतं. तुमच्या शहरात काय आहे ते भावाच्या डॉक्टरांना विचारा, आणि असा गट सापडला तर वडिलांना घेऊन जा. माझं पत्र वाचून ते बदलणार नाहीत. पण त्यांच्याच वयाचा, बँकेतून किंवा एसटीतून निवृत्त झालेला एखादा बाप "माझा इंजिनिअर मुलगा मेडिकलच्या दुकानात बिलं करतो आणि रात्री नीट झोपतो" असं म्हणाला, तर ते ऐकून घेतील.

अंबडच्या मित्राशी वडिलांनी आधी बोलून ठेवायला हरकत नाही. भेटीची वेळ ठरवायचा फोन मात्र भावाला करू द्या. आठवडाभर तो फोन झाला नाही तर आठवण करायची, पण त्याच्या हातातून मोबाइल घेऊन स्वतः लावायचा नाही. महिनाभरात झालाच नाही तर अंबड सध्या नको, असं त्याने सांगितलं आहे असं समजा आणि मार्चमध्ये पुन्हा विचारा.